आधी कुणाची वीज काढायची

प्रफुल्ल देवतळेला जन्मभर एक काम बिनचूक येत होतं. वीज कमी पडली की आधी कुणाची काढायची, हे तो अर्ध्या मिनिटात ठरवायचा. अकोल्याजवळच्या एका उपकेंद्रात चौतीस वर्षं त्याने हेच केलं. वरून फोन यायचा, "दहा मेगावॅट काढा," की हा उठायचा, गावागावांकडे जाणाऱ्या वाहिन्यांच्या, म्हणजे फीडरच्या, रांगेवरून नजर फिरवायचा आणि एक खटका ओढायचा. कागदावर त्याचं वेळापत्रक होतं, पाळ्या होत्या, साहेबांच्या सह्या होत्या. पण घाईत वेळापत्रक कोण बघतो? ज्या फीडरवरून तक्रारीचे फोन येतात तो शेवटी काढायचा. ज्याच्यावरून कधीच फोन येत नाही तो आधी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण प्रत्येक ऑपरेटरला पाठ होता, आणि प्रफुल्लला तर त्याचा अभिमान होता. देवतळेंच्या पाळीत कधी बोंबाबोंब झाली नाही, असं निरोपसमारंभात साहेबांनी माइकवरून सांगितलं होतं.

निवृत्तीनंतर त्याने फिरतं घर घ्यायचं ठरवलं. मागे दोन माणसांचा पलंग, छोटा ओटा, खिडक्यांना जाळी आणि एसी असलेली मोठी गाडी. गाडीची हौस त्याची आणि जायचं कुठे ते ज्योत्स्नाचं. ज्योत्स्ना म्हणजे त्याची बायको. छत्तीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर नद्या काढून काढून तिचा खांदा आखडला, पण त्यातल्या एकाही नदीचा उगम तिने स्वतः पाहिला नव्हता. तिने यादी केली. तापी, वर्धा, कन्हान, वैनगंगा आणि सगळ्यात शेवटी नर्मदा. निघायचं मे महिन्यात. निवृत्त माणसाला बाराही महिने सुट्टी असते हे दोघांच्याही डोक्यात अजून शिरलं नव्हतं. सुट्टी म्हणजे मे, एवढंच अंगवळणी पडलेलं.

उगमाच्या डोंगरात चार-चार दिवस मुक्काम करायचा तर गाडीला स्वतःची वीज हवी. म्हणून २०४३ च्या जानेवारीत दोघं नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तन्मय खेर्डे नावाचा तिथला इंजिनिअर त्यांना गाड्या दाखवत होता. छतावर कागदासारखे पातळ सौर पत्रे, फरशीखाली मिठातल्या सोडियमपासून बनवलेली बॅटरी, हे सगळ्या गाड्यांना सारखंच होतं. फरक होता तो वीज वाटण्यात. पहिल्या गाडीत साधा बोर्ड होता. दहा बटणं, दहा दिवे. वीज संपत आली की आपण उठायचं आणि काय बंद करायचं ते करायचं.

"मला हेच बरं वाटतं," ज्योत्स्ना म्हणाली. "काय चालू, काय बंद, ते डोळ्यांना दिसतं."

"हे आपल्या आजोबांच्या काळातलं झालं," प्रफुल्ल म्हणाला. "ते पांढरं काय आहे हो?"

दुसऱ्या गाडीत बोर्डाच्या जागी तळहाताएवढी पांढरी पेटी होती. कंपनीने तिचं नाव ठेवलं होतं कारभारी. तन्मयने ती समजावून सांगितली आणि मुलगा सांगायचाही छान. प्रत्येक उपकरण सुरू होताना आपापल्या पद्धतीने वीज ओढतं. पंखा हळूहळू चढतो, एसी एकदम हिसका देतो, चहाची किटली सरळ रेघेत ओढत राहते. त्यावरून पेटीला कळतं, काय चालू झालं. ही विद्या जुनीच. नवं होतं ते पुढचं. कोणतं उपकरण किती गरजेचं हे पेटी माणसांना विचारत नाही, कारण विचारलं की माणसं सगळंच गरजेचं म्हणतात. त्याऐवजी ही पेटी आधी नव्वद दिवस घरच्या मीटरशेजारी बसवायची. ती अधूनमधून एखाद्या उपकरणाची वीज मुद्दाम काढते आणि थांबते. कुणी येऊन बटण दाबलं की लगेच परत देते. कुणीच नाही आलं तर तासाभराने आपली आपण देते. किती वेळाने माणूस उठला, एवढं ती टिपते, आणि कोण उठला हे तिला मनगटावरच्या पट्ट्यावरून कळतं. जो चटकन उठतो त्याची गरज मोठी. जो उठतच नाही त्याचं अडत नाही. नव्वद दिवसांत यादी तयार होते. मग रानात वीज कमी पडली की पेटी तळापासून एकेक उपकरण काढत येते. गाडीत नवीन काही आणलं तर ते कोण वापरतं हे पाहून ती त्याची जागा ठरवते.

प्रफुल्लचा चेहरा खुलला. "अहो, हे तर आमचंच," तो म्हणाला. "आम्ही हेच करत होतो, फक्त डोक्याने करत होतो. कुणीतरी अखेर शास्त्र केलं त्याचं."

"तीन उपकरणांना कुलूप लावता येतं," तन्मय म्हणाला. "ती काहीही झालं तरी तुटत नाहीत. घरात औषधोपचाराचं काही यंत्र वगैरे आहे का?"

"छे, तसलं काही नाही."

ज्योत्स्नाने नवऱ्याकडे पाहिलं. अठरा वर्षं ती इन्सुलिनवर होती. तिच्या शरीरात ते बनायचं जवळजवळ थांबलं होतं आणि दिवसाला चार वेळा टोचून घेतल्याशिवाय तिचा दिवस पार पडत नव्हता. पण यंत्र म्हटल्यावर प्रफुल्लच्या डोळ्यांपुढे ऑक्सिजनचं नळकांडं आलं. बायकोची शुगर त्याला इतकी सवयीची झाली होती की तो ती आजारात धरतच नव्हता.

भाराचा हिशोब त्याने तिथेच मांडला. एसी आणि फ्रीज दोन्ही बसत नव्हते. उकाडा त्याला सोसत नसे, तेव्हा एसी राहिला.

"मग माझं इन्सुलिन?" ज्योत्स्नाने विचारलं.

"त्याला छोटी गार डबी मिळते की. साठ वॅट खाते फक्त."

डबीत कंप्रेसर नव्हता, नुसती एक पट्टी होती. वीज दिली की पट्टीची आतली बाजू गार होते आणि बाहेरची तापते. तिची एक खोडही आहे. वीज गेली की तीच पट्टी बाहेरची उष्णता आत येऊ देते आणि डबी साध्या थर्मासपेक्षाही लवकर तापते. हे प्रफुल्लला पक्कं ठाऊक होतं. विजेतला माणूस होता तो.

फेब्रुवारी ते एप्रिल पेटी घरी शिकत होती. मॅच बघताना टीव्ही गेला की प्रफुल्ल पुढचा चेंडू पडायच्या आत मीटरपाशी पोचलेला असे. वर पुन्हा पेटीला शाबासकीही देई, "शीक बाबा, शीक." ज्योत्स्नाचं शिलाई मशीन थांबलं तर ती कापड तसंच सुईखाली ठेवून बसून राही. मिक्सर थांबला तर ती तोवर कोथिंबीर निवडायला घेई. एकदा तिच्या वाचायच्या टेबलावरचा दिवा गेला आणि ती पुस्तक घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

"बटण दाबलं नाहीस?" प्रफुल्लने विचारलं होतं.

"तुम्ही झोपला होतात. उठून खटखट कशाला?"

निघायच्या आदल्या दिवशी तिने दोनदा सांगितलं की त्या कुलूपवाल्या तीन जागांपैकी एक डबीला द्या. तोवर तीनही जागा भरल्या होत्या. एसी, इंटरनेट आणि चहाची किटली. "आता ते सगळं शिकलंय," प्रफुल्ल म्हणाला. "आपण वरून ढवळाढवळ केली की बिघडतं. तुझी एवढीशी डबी ते कशाला तोडेल?"

मे महिन्याच्या चार तारखेला ते निघाले. पहिला मुक्काम मुलताईला, तापीच्या कुंडापाशी. ज्योत्स्ना त्या पाण्याकडे इतका वेळ बघत राहिली की प्रफुल्लला दोनदा हाक मारावी लागली. मग ते सातपुड्याच्या पठारावर रानात शिरले. पारा त्रेचाळीसला टेकला होता आणि तिथे गाडीत राहणाऱ्या सगळ्यांना पडतो तोच पेच त्याला पडला. उन्हात उभी करावी तर पत्रे भरपूर वीज देतात, पण गाडीची भट्टी होते. सावलीत उभी करावी तर जीव थंड राहतो आणि पत्रे उपाशी. प्रफुल्ल मोहाच्या सावलीत गाडी लावायचा, एसी लावून जेवायचा आणि आडवा व्हायचा. त्या उकाड्यात बॅटरीही आपला हात आखडता घ्यायची. कारभारी कसा छान सांभाळून घेतोय याचं तो रोज कौतुक करायचा.

चौथ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, डबीचा हिरवा दिवा दिसत नाहीये."

"उजेड किती आहे बाहेर. दिवसा कसा दिसेल?" त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

तिने डबीला हात लावून पाहिला. गरम लागली, पण गाडीतलं सगळंच गरम लागत होतं. संध्याकाळी दिवा पुन्हा दिसला आणि ती गप्प बसली.

सातव्या दिवसापासून तिला तहान लागायला लागली. तासाला बाटली संपायची आणि दर अर्ध्या तासाला गाडी थांबवावी लागायची. प्रफुल्ल कुरकुरत थांबवायचा. तिच्या दंडावर शुगर मोजणारी चकती चिकटवलेली होती, तिचा आकडा चारशेच्या वर गेला. तिने नवी चकती लावली. तोच आकडा आला. "उन्हाने बिघडल्यात दोन्ही," प्रफुल्लने निकाल दिला. तिने इन्सुलिन वाढवून घेतलं, तरी आकडा हलेना. नवव्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही. दहाव्या दिवशी तिला उलट्या झाल्या, तेव्हा त्याने लिंबूसरबत करून दिलं, साखर घालून. पुढे कित्येक महिने त्याला ते सरबत आठवलं की जेवण जात नसे.

अकराव्या दिवशी सकाळी वर्धेच्या उगमापासून दोन कोसांवर ती हाकेला ओ देईना. श्वास खोल आणि भराभर चालला होता आणि त्याला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. प्रफुल्लने गाडी दामटली आणि पहिलं जे आरोग्य केंद्र दिसलं त्याच्या पायरीपर्यंत नेली.

तिथे सुलोचना बारंगे नावाची परिचारिका होती. पन्नाशीची, आडव्या बांध्याची. तिने बोटातून रक्त घेतलं, आकडा पाहिला आणि सलाइन लावताना एका हाताने रुग्णवाहिकेला फोन केला. भिंतीशी लस ठेवायचा छोटा फ्रीज होता. त्यातून तिने एक कुपी काढली, इंजेक्शन भरलं आणि दिलं. मग तिने ज्योत्स्नाच्या पिशवीतलं इन्सुलिनचं पेन उजेडात धरलं.

"भाऊ, हे कुठी ठेवत होते तुम्ही?"

"गार डबी आहे. गाडीत."

"दुपारी बंद पडते काय ते?"

"नाही. चोवीस तास चालू असते," प्रफुल्ल ठामपणे म्हणाला. "सगळं ऑटोमॅटिक आहे."

"याच्यात आता काही जीव राह्यला नाही जी. नुसतं पाणी टोचत होत्या बाई." तिने पेन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तो फ्रीजकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "छतावर याची एकट्याची सोलर प्लेट हाय. याच्या वायरवर मी दुसरं काहीच लावत नाही. पाव्हणे येतात, मोबाईल लावू द्या म्हणतात. मी नाही लावू देत."

रुग्णवाहिका ज्योत्स्नाला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. मागून प्रफुल्ल गाडी चालवत गेला. तिला आत घेतलं, दार बंद झालं आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर बसवेना म्हणून तो अंगणात गाडीपाशी आला आणि त्याने पहिल्यांदा कारभाऱ्याची नोंद उघडली. अकरा दिवसांत तो फक्त वरचा हिरवा टिळा बघत होता, ज्याच्याखाली "सर्व सुरळीत" असं लिहून येत असे.

खाली यादी होती. पहिला एसी, मग किटली, मग इंटरनेट, त्याचा पंखा, त्याचा फोन, त्याची दाढीची मशीन. सगळ्यात तळाला गार डबी. तिच्यापुढे लिहिलं होतं, वापरणारी व्यक्ती ज्योत्स्ना, थांबू शकते. अकरा दिवसांत ती सदतीस तास बंद होती. रोज दुपारी, तो एसीत झोपलेला असताना.

त्याने बोट लावलं तसं घरचे नव्वद दिवसही उघडले. वीज काढल्यावर प्रफुल्ल सरासरी नऊ सेकंदांत उठला होता. ज्योत्स्ना सरासरी एकेचाळीस मिनिटांनी. त्यातल्या अर्ध्याहून जास्त वेळा ती उठलीच नव्हती, तासभर संपून वीज आपोआप आली होती. पेटीने काहीही चूक केलेली नव्हती. तिने घर जसं होतं तसं टिपलं होतं. भर उन्हात त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रफुल्लला आपल्याकडे कुणी बघू नये असं वाटलं, आणि तो गाडीत शिरून पडदे ओढून बसला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. उशीर अजून चार तासांचा झाला असता तर सांगता आलं नसतं. इन्सुलिन कसं काय तापलं, असं त्यांनी विचारलं.

"उन्हाळा फार आहे यंदा," प्रफुल्ल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला. त्याला पाहिल्या पाहिल्या ती म्हणाली, "माझं चुकलं हो. तुमची सगळी ट्रिप बिघडवली. दिवा बंद दिसला होता मला, मी नीट बघायला हवं होतं."

इथे सांगायला हवं होतं. प्रफुल्लने तिची चादर सारखी केली. "जाऊ दे आता. बोलू नकोस जास्त," असं म्हणाला. मनाचा मोठेपणा दाखवावा तसं म्हणाला, आणि म्हणताना त्याला आपल्या आवाजाची किळस आली. तिने अजून दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्याने ती मागू दिली.

त्याच दिवशी जेवायच्या वेळेला तो डबा घेऊन आला तर तिची सलाइनची बाटली रिकामी होती. नळीत रक्त चढायला लागलेलं.

"कधी संपली?"

"झाला अर्धा तास."

"उशाशी घंटी आहे ना?"

"सिस्टर बिचारी एकटी आहे हो एवढ्या वॉर्डाला."

प्रफुल्लने घंटी दाबली आणि दाबतच राहिला. सिस्टर धावत आली आणि त्याच्यावर ओरडली. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग तो गाडीत गेला. कारभाऱ्याच्या पडद्यावर "नव्याने शिकवा" अशी सोय होती. ते दाबलं की जुनी यादी, सेकंद, मिनिटं, सदतीस तास, सगळं पुसलं जाणार होतं. ज्योत्स्नाने ती पेटी कधी उघडून पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हती. तिच्या मनात चूक तिची होती, आणि तशीच राहिली असती. त्याने त्या बटणावर बोट ठेवलंसुद्धा. चौतीस वर्षांत उपकेंद्राच्या लॉगशीटमध्ये त्याने कधी खाडाखोड केली नव्हती. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, म्हणजे चूक पुढच्याला दिसते. एवढं एक तरी आपण सरळ केलं, असं तो समजत आला होता. त्याने बोट उचललं, पण तिला सांगायला त्याला अजून दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्याने किटलीचं कुलूप काढून डबीला लावलं, नवं इन्सुलिन आणून ठेवलं आणि हिरवा दिवा तासातासाला बघितला. जे दहा सेकंदांचं काम होतं ते आता मोठ्या कष्टाने केल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

रुग्णालयातून सुट्टी मिळाली त्या दुपारी त्याने तिला हाताला धरून गाडीत बसवलं. तिला रुग्णालयात आणल्यापासून त्याने एसी लावलेला नव्हता. दोघांच्या बाजूंना दोन छोटे पंखे फिरत होते.

"निघायच्या आधी एक वाच," तो म्हणाला आणि पडदा तिच्यापुढे धरला.

तिने चष्मा लावला. उत्तरपत्रिका तपासावी तशी एकेका ओळीवर बोट ठेवत ती खालून वर गेली. मग घरच्या नव्वद दिवसांवर आली. तिथे तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे माझी चूक नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"तुला इथे आणलं त्या दिवशीच. मी बाहेर होतो तेव्हा."

"तीन दिवस मी तुमची माफी मागत होते."

"हो."

"आणि तुम्ही मागू दिलीत."

प्रफुल्ल बोलायला लागला. तन्मयने औषधाचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. फ्रीज मी काढला. तू दोनदा सांगितलंस. किटलीला कुलूप मी लावलं. तो हे सगळं एकामागून एक, ओळीने बोलून गेला, आणि सरबताचंही सांगितलं. तिने मध्येच थांबवलं नाही. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही.

"मला राग यायला पाहिजे ना?" ती म्हणाली. "मी कधीची वाट बघतेय. येत नाहीये."

मग तिने हात लांब केला आणि त्याच्या बाजूचा पंखा बंद केला.

"बसा असेच," ती म्हणाली. "मी बघते." आणि तिने स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

प्रफुल्ल बसला. संध्याकाळ होईपर्यंत उठायचं नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं. गाडी उन्हात होती. पहिल्याच मिनिटाला पाठ ओली झाली. दुसऱ्या मिनिटाला कपाळावरून घाम डोळ्यांत गेला, तो त्याने पुसला नाही. त्याला नऊ नंबरचा फीडर आठवला, ज्याच्यावरून कधी फोन यायचा नाही. अकरा गावं होती त्याच्यावर. तिथेही मे महिना येत असेल, कुणाच्या तरी घरी औषध गार ठेवावं लागत असेल, कुणीतरी बंद पंख्याखाली बसून राहिलं असेल. चौतीस वर्षांत हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. फोन नाही म्हणजे तक्रार नाही, एवढ्यावर तो समाधानी होता. घाम मानेवरून उतरत होता, जीव गुदमरत होता, आणि तो त्या गावांची नावं एकेक करून आठवत होता. सातवं नाव आठवलं तेव्हा तोंडावर गार झुळूक आली.

त्याने पाहिलं तर त्याचा स्वतःचा हात पंख्याच्या बटणावर होता. हात केव्हा गेला ते त्याला कळलंही नव्हतं.

"सहा मिनिटं, दहा सेकंद," ज्योत्स्ना म्हणाली.

"पुन्हा बंद कर," तो म्हणाला. "पुन्हा एकदा लाव वेळ. या वेळी नाही उठणार मी."

तिने मान हलवली. "परीक्षा नव्हती हो ती. मला फक्त बघायचं होतं, थांबायला तुम्हालाही त्रास होतो का." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "मला तर दर वेळी व्हायचा. मला वाटायचं, माझ्यातच सहनशक्ती कमी आहे."

प्रफुल्लने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. पंख्याचा वारा त्याच्याच तोंडावर येत होता. तो बंद करावा की तिच्याकडे वळवावा हे त्याला ठरवता येईना, आणि तिच्याकडे बघायचं धाडसही झालं नाही.